वकिलांच्या उघड्या मोटारीची फिर्याद

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर आणि कलमं मी आता विसरलो आहे. ही एक फिर्याद मात्र अजून बारीकसारीक तपशिलासकट डोळ्यांपुढे उभी राहते. त्याचं एक कारण असं, की त्या तपासात मी एक चूक केली आणि ती मला कुठल्याच कागदावर लिहावी लागली नाही. निदान इथे तरी लिहितो. नावं कोणाचीच देत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी देशावरचा. फौजदार म्हणून नुकताच बुलडाण्याकडे बदलून आलो होतो आणि वऱ्हाडी बोली कानांना अजून सरावली नव्हती. ठाण्यातले हवालदार साखरखेर्ड्याचे. वयाने माझ्या वडिलांएवढे, बोलायला कमी आणि बघायला जास्त. नवीन फौजदाराला असा हवालदार मिळाला तर ते त्याचं नशीब समजावं. मला हे फार उशिरा कळलं.

एका सकाळी हजेरी चालू असताना गावातले एक नामांकित वकील आपल्या कारकुनाचा हात धरून ठाण्यात आले. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण सगळे शिपाई आपोआप ताठ उभे राहिले. पांढरं धोतर, काळा कोट, डोळ्यांवर काळा चष्मा. काचबिंदूने त्यांची दृष्टी आठ वर्षांपूर्वी गेली होती. तरीही वकिली थांबली नव्हती. कारकून कागद वाचून दाखवायचा आणि ते उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडायचे.

"माझी मोटार चोरीला गेली आहे," खुर्चीत बसून ते म्हणाले.

मी वर्णन विचारलं.

"इटालियन बनावटीची. लहान आहे, दोन दारांची. रंग दुधावरच्या सायीचा. वरचं टप कापडी, ते मागे दुमडतं. स्टीअरिंग डाव्या हाताला. मुंबईत एका गिरणीत यंत्रं बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर परत जाताना विकून गेला, त्याच्याकडून घेतली होती. बहुतेक नवीनच होती. चालली असेल सात हजार किलोमीटर."

"एवढीच?"

"एवढीच. त्यातले शेवटचे पन्नास मी अंदाजाने चालवले." हे त्यांनी हसून सांगितलं, पण कारकून खाली बघू लागला. नंतर त्याच्याकडून समजलं, की देऊळघाटच्या रस्त्यावर त्यांना समोरची बैलगाडी दिसली नव्हती. मडगार्ड चेपलं, माणसं वाचली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गाडी पत्र्याच्या खोपीत लावली, कुलूप घातलं आणि घरात सांगितलं, की यापुढे या गाडीचा विषय नको.

"गाडी शेवटची कधी पाहिली?" मी विचारलं, आणि जीभ चावली.

"हात लावला होता," ते शांतपणे म्हणाले. "अलीकडे."

मी 'अलीकडे' असं लिहून घेतलं. एखादा साक्षीदार कोर्टात 'अलीकडे' म्हणाला असता तर याच माणसाने त्याला तासभर सोलला असता. मी मान राखायचा म्हणून पुन्हा विचारलं नाही. फिर्यादीचा मान तपास संपल्यावर राखावा, फिर्याद लिहिताना नव्हे.

त्यांची पत्नी मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेली होती. जाऊन महिना झाला होता. वकिलांनी मला निक्षून सांगितलं, "तिला यातलं काही कळवायचं नाही. मुलगी ओली बाळंतीण आहे. ही घाबरून निघून येईल." मी शब्द दिला.

वकिलांचं घर गावाबाहेर, धाडच्या रस्त्याला. आसपास दुसरी वस्ती नाही. खोपीचं कुलूप शाबूत होतं. एक किल्ली वकिलांच्या कोटाच्या खिशात आणि दुसरी माजघरात खिळ्याला. घरात वकील, त्यांची पत्नी आणि दुपारी भांडी घासून जाणारी एक बाई, एवढीच माणसं. हवालदार खोपीत उकिडवे बसले आणि जमिनीकडे बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, चाकाईच्या जागी पाहा. धूळ बसून राह्यली. इथं कोळ्यानं जाळं इनलं हाये. गाडी कालपरवाची नाई गेली."

"म्हणजे?"

"म्हंजे चार-सा महिने झाले असतीन."

मग वकिलांनी 'अलीकडे' हात लावला, तर तो कुठल्या गाडीला? हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र खोपीतून बाहेर पडता पडताच मुंबईच्या टोळ्यांचा विचार करू लागलो होतो.

खबर आली ती धाडच्या आठवडी बाजारातून. तिथे एक शिंपी बैलगाड्यांवर घालायची कापडी टपं शिवायचा. हवालदारांची त्याच्याशी जुनी ओळख. बोलता बोलता तो म्हणाला, "देऊळघाटचा मिस्त्री माह्याकडून दमनीचं टप शिवून घेऊन राह्यला. पन माप काई दमनीचं नाई. अन मांगून काच बसवाले जागा ठिव म्हने. मी म्हनलं, दमनीले मांगून काच कायले पाह्यजे? त थो म्हने, तू शिव गुपचूप."

दमणी म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी. तिला मागून काच असल्याचं माझ्याही ऐकिवात नव्हतं.

हा मिस्त्री देऊळघाटचा माळी. घरचा भाजीपाला करायचा आणि पंचक्रोशीतली ऑईल इंजिनं दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन पंच घेऊन त्याच्या मळ्यात पोचलो. कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला त्याचा गोठा होता. बैल बाहेर झाडाखाली बांधलेले आणि गोठ्यात गाडी.

मी गाडी बघितली आणि क्षणभर कशाला आलो ते विसरलो. इतकी नाजूक आणि इतकी डौलदार वस्तू मी जवळून कधी पाहिली नव्हती. अर्ध्या अंगाला नवा रंग चढला होता. तांबड्या चामड्याच्या बैठका उंदरांनी कुरतडल्या होत्या. गावच्या मोच्याकडून त्या इतक्या सफाईने शिवून घेतल्या होत्या की टाका शोधावा लागे. इंजिनाचं वरचं डोकं उघडून पिस्टन बाहेर काढले होते. भिंतीशी फळीवर बिस्किटांचे आणि तंबाखूचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. प्रत्येकात नट, स्क्रू, स्प्रिंगा, आणि डब्यावर त्या भागाचं चित्र काढलेलं. इटालियन अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, म्हणून जे सुटं केलं ते त्याने आधी वहीत चितारलं होतं. ब्रेकचे रबर कुजले होते, तर पंपाच्या रबरी वॉशरपासून नवीन कापून घेतले होते.

मला हे सगळं वेगळंच दिसलं. सुटे भाग, डबे, नोंदी. गाडी मोडून विकायचा धंदा, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

मिस्त्री पळाला नाही. उंच, हडकुळा, पन्नाशीचा माणूस. चिंधीला हात पुसत उभा राहिला आणि आमच्या एका शिपायाला म्हणाला, "भाऊ, मडगार्डले टेकू नका. रंग ओला हाये."

"गाडी कुणाची?" मी विचारलं.

"तुमाले माहीत हाये म्हनून त आले तुमी."

"इथं कशी आली?"

यावर तो गप्प बसला, तो गप्पच.

पंचनामा करून गाडी जप्त केली. इंजिन बंद, म्हणून त्याचेच बैल जुंपून ती ठाण्यापर्यंत ओढत नेली. मिस्त्रीच्या हातात बेड्या, आणि तो सगळा रस्ता गाडीच्या बाजूने चालत बैल हाकणाऱ्याला सांगत होता, "हळू. पुढं खड्डा हाये. डाव्या अंगानं घे." माणूस तुरुंगात चालला आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं, किंवा त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. घरातल्या चोरीच्या कलम तीनशे ऐंशीखाली गुन्हा नोंदवला होताच. कोर्टातून चार दिवसांची कोठडी मिळाली.

चौकशीत मी सगळे नेहमीचे प्रश्न विचारले. किल्ली कोणी दिली? साथीदार कोण? गिऱ्हाईक कोण? तो प्रत्येक वेळी एकच उत्तर देई. "साहेब, चोरी म्या केली नाई. याच्या म्होरं इचारू नका."

हवालदारांनी त्यांच्या परीने समजावून पाहिलं. "काऊन बे, मुका झाला काय? बायकोचा तरी इचार कर. सायेब नवे हायेत, पन वाईट नाईत. सांगून टाक."

"सांगतो ना. पंधरा-वीस दिवसानं सांगतो."

"पंधरा दिवसानं काय होनार हाये?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या 'पंधरा दिवसां'नी माझं डोकं फिरलं. मला वाटलं, साथीदाराला पळायला वेळ काढून देतो आहे. वरिष्ठ रोज प्रगती विचारत होते. वकिलांचं प्रकरण म्हणून कोर्टातसुद्धा चर्चा होती. मी खुर्चीतून उठलो आणि त्याच्या तोंडात मारली. जोरात मारली. तो धडपडला, सावरला आणि भिंतीला टेकून बसला. डोळ्यांत पाणी नाही, राग नाही. मी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा हवालदार मध्ये येऊन माझ्यासमोर पाण्याचा पेला धरून उभे राहिले. "पानी घ्या, साहेब," एवढंच म्हणाले. मी पाणी घेतलं आणि बाहेर आलो.

बाहेर कडुनिंबाखाली ती गाडी उभी होती. मी दार उघडून आत बसायचा प्रयत्न केला आणि गुडघे स्टीअरिंगवर आपटले. चालकाची बैठक अगदी पुढे ओढून तिथेच पक्की केलेली होती. बैठकीवर एक जाड काळी उशी होती. वरचा आरसा इतका खाली कललेला, की मला त्यात स्वतःच्या सदऱ्याची गुंडी दिसत होती. मिस्त्री माझ्याहून चार बोटं उंच होता. त्याला इथे बसताच आलं नसतं. इंजिनच उघडलेल्या गाडीत बैठक आणि आरसा कोण जुळवून ठेवील, आणि कोणासाठी? मी हवालदारांना बोलावलं. त्यांनी बघितलं, मान हलवली. "कोनी ठेंगनं मानूस बसून राह्यलं इथं," ते म्हणाले. पण ठेंगणं कोण, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल ओळखण्यासाठी वकिलांना बोलावलं. पंच उभे केले. वकिलांनी काठी कारकुनाकडे दिली आणि दोन्ही हात गाडीवर ठेवले.

ते सगळ्या गाडीवरून हात फिरवत गेले. दिवे, बॉनेट, दाराची मूठ. डाव्या मडगार्डवर त्यांचा हात थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"इथे पोचा होता," ते म्हणाले. "बैलगाडीच्या जुवाचा. तो कुठे गेला?"

"काढून टाकला आहे," मी म्हणालो. "वर रंग दिला आहे."

"चोर पोचे काढतो का, फौजदारसाहेब?"

त्यांनी दार उघडलं आणि सवयीने आत बसायला गेले. गुडघा अडकला. त्यांनी खाली हात घालून बैठक चाचपली, मग उशी ओढून मांडीवर घेतली. तिच्या कापडावरून अंगठा फिरवला, शिवणीवरून फिरवला. एका कोपऱ्यात कापडाची जुनी घडी होती, तिथे ते थबकले.

"हा माझा कोट आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"माझा कोर्टाचा जुना कोट. ही खिशाची पट्टी. हिच्यावर मी शाई सांडली होती, तिथे कापड अजून ताठ लागतं. बायकोने सांगितलं होतं, की बोहारणीला दिला आणि त्याच्यावर पातेलं घेतलं." मग ते म्हणाले, "आरोपीला सोडा."

"साहेब, ते माझ्या हातात नाही. कोठडी कोर्टाने दिली आहे."

"कायदा मला सांगू नका. माझी फिर्याद गैरसमजाने दिली होती, असा जबाब आत्ता लिहून घ्या."

मी हळूच विचारलं, "बाईंची उंची किती आहे?"

त्यांनी उभं राहून आपला तळहात स्वतःच्या खांद्याखाली धरला. "एवढी," ते म्हणाले.

त्याच दुपारी अकोल्याला तार केली. मजकूर वकिलांनीच सांगितला. 'सर्व खुशाल. मिस्त्री अटकेत. निघ.' दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने बाई आल्या आणि घरी न जाता हातातल्या ट्रंकेसकट थेट ठाण्यात शिरल्या. लहानखुरी मूर्ती, कपाळावर मोठं कुंकू, धुळीने पांढरी झालेली साडी.

"मिस्त्री कुठे आहेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आहेत. जेवले आहेत."

"त्यांना कोणी मारलं का?"

ठाण्यात सहा माणसं होती. सगळी हातातल्या कागदांकडे बघू लागली.

"मी मारलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. आजवर अनेक साहेबांनी मला खडसावलं, त्यातलं फारसं काही लक्षात नाही. ती नजर मात्र आहे.

वकील आतल्या खोलीत बसले होते. बाईंचा आवाज ऐकून उठून उभे राहिले. मी बाहेर जायला निघालो, तर वकील म्हणाले, "थांबा. जबाब घ्यायचा आहे ना तुम्हाला."

मग त्यांनी बाईंना विचारलं, "आपण त्या गाडीचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं."

"कधी नेलीस?"

"दिवाळी झाल्यावर. तुम्ही कोर्टात होता. मिस्त्री बैल घेऊन आले."

"का?"

बाईंनी ट्रंक खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी जबाबात दोन ओळींत बसवलं. खरं म्हणजे ते तेवढ्यात बसणारं नव्हतं. मुलीचं लग्न झाल्यापासून घरात ही दोघंच. वकील कोर्टातून आले की ओसरीवर खुर्चीत बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी रस्त्यावरून एक ट्रक चढ चढत गेला. वकील खुर्चीत बसल्या बसल्या पुटपुटले, "अरे बाबा, खालचा गिअर टाक." आणि त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला.

"मला वाटलं, हा माणूस आठ वर्षं मनात गाडी चालवतोय," बाई म्हणाल्या. "म्हणून मिस्त्रींना गाठलं. पूर्वी ही गाडी उघडायची तर तुम्ही त्यांनाच बोलवायचात. त्यांना म्हटलं, गाडी दुरुस्त करा, आणि मला चालवायला शिकवा. ते म्हणाले, गाडी करतो, तुमाले शिकवाचं भेव वाटते. पण शिकवलं. आठवड्यातून दोन दुपारी मी देऊळघाटला जायची. इंजिन उघडलेलं असायचं, तरी बसून क्लच दाबायची आणि गिअर टाकायची. गाडी जागची हलत नव्हती, पण पाय बसले. अकोल्याला जावयांनी परवान्याचंही बघितलं." त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. शिकाऊ लायसन्स होतं. "तयार झाली की मीच चालवत घरी आणणार होते. तोवर कोणाजवळ बोलायचं नाही, असा मिस्त्रींकडून शब्द घेतला होता. मला काय माहीत तुम्ही खोपी उघडाल. आठ वर्षं तुम्ही तिकडे फिरकला नाहीत. मी गेल्यावरच कशाला गेलात?"

कोर्टात कधी अडला नाही तो माणूस शब्द शोधत होता.

"घरात आवाज नव्हता," ते शेवटी म्हणाले. "मुंबईहून आपण दोघं त्या गाडीतून आलो होतो. वाटलं, जरा जाऊन तिच्यात बसावं. हात पुढे केला, तर गाडीच नव्हती."

हवालदार माझ्यामागे दारात उभे होते. ते बाहेर निघून गेले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे अहवाल ठेवला. फिर्याद गैरसमजुतीची ठरली, सी समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, मंजूर झाली आणि मिस्त्री सुटला. मोकळा होताच तो बाईंशी किंवा वकिलांशी बोलायच्या आधी गाडीकडे गेला. समोरच्या काचेवर शिपायांनी टॉवेल आणि बनियन वाळत घातले होते. त्याने ते एकेक करून काढले, घड्या केल्या आणि एका शिपायाच्या हातात दिले. मग बाईंना म्हणाला, "बाई, अजून वीस दिवस लागतीन. रंग पुन्हा घासाचा हाये, यायनं बोटं लावली."

त्या आठवड्यात मी एकटाच, साध्या कपड्यांत, सायकलवर देऊळघाटला गेलो. मिस्त्री गोठ्यात पिस्टनच्या कड्या बसवत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं." त्याची बायको दारात उभी होती. तिने मला बस म्हटलं नाही, चहाही आणला नाही. बरोबरच होतं.

मिस्त्री काम करत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, तुमचं काम तुमी केलं, माहं काम म्या केलं. पन एक सांगतो. तुमी मले इचारलं, किल्ली कोनं देली, साथीदार कोन, पैसे किती. सारं इचारलं. हे गाडी तू काऊन चांगली करून राह्यला, हे नाई इचारलं कोनी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

त्याने जरा विचार केला. "नाई," तो म्हणाला. "पन तुमाले समजलं असतं."

मग त्याने सरकून मला जागा दिली आणि एक स्पॅनर माझ्या हातात ठेवला. "इथं धरा. जोर लावू नका." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिथेच होतो. पुढच्या दोन सुट्ट्याही तिथेच गेल्या. इंजिनाचं डोकं बसवून पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा मी हजर होतो. तीन-चार वेळा खोकलं, निळा धूर सोडला आणि मग एका लयीत चालू लागलं. मिस्त्रीने डोळे मिटून ऐकलं आणि पाना अर्धा फेरा फिरवला. त्या दिवशी त्याच्या बायकोने चहा दिला.

गाडी गावात आली तो दिवस बाजाराचा नव्हता, तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. टप मागे दुमडलेलं, बाई स्टीअरिंगवर, पदर खोचलेला आणि त्यांच्या उजव्या हाताला वकील. मागच्या चिमुकल्या जागेत मिस्त्री पाय दुमडून बसला होता, कारण शिकाऊ चालकासोबत परवानाधारक हवा आणि त्या गाडीत तो एकटाच होता. ठाण्यासमोर गाडी थांबली. वकिलांनी मला हाक मारली. मिस्त्रीने सरकून अर्धी जागा केली आणि मी वर्दीतच चढलो. हे नियमाला धरून नव्हतं.

धाडच्या रस्त्याला लागल्यावर चढ आला. वकील मान किंचित तिरकी करून इंजिन ऐकत होते.

"आता बदल," ते म्हणाले.

"थांबा. अजून नाही," बाई म्हणाल्या. थोडं पुढे जाऊन त्यांनी बदलला. गिअर आवाज न करता बसला.

"बरोबर. माझं जरा लवकर झालं," वकील म्हणाले आणि त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. तोंडावर वारा येत होता. त्यांनी परत जायचं नाव काढेपर्यंत बाई चालवत राहिल्या.

वर्षभराने माझी बदली झाली. पुढे मोठे गुन्हे हाताळले, बक्षिसंही मिळाली. पण धडा म्हणाल तर तो या फिर्यादीनेच दिला. चौकशीला बसलेला माणूस बोलत नसेल तर तो काहीतरी लपवतो आहे, एवढंच पोलिसाला कळतं. गुन्हा लपवणारा आणि कोणाला दिलेला शब्द पाळणारा, दोघंही टेबलापलीकडे सारखेच बसतात, सारखेच खाली बघतात. शब्द पाळणारी माणसं कमी भेटतात, पण भेटतात. ती ओळखायला वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ देणारे एक हवालदार माझ्या शेजारी उभे होते. मी मात्र दिला नाही. माझी बोटं त्या माणसाच्या गालावर उठली होती, आणि तो तरीही पंधरा दिवस थांबायला तयार होता.